मागच्या बुधवारची नोंद

त्या सोमवारी नऊ वाजता रेनो साल्मी आला नाही, आणि मला बरं वाटलं. हे आधीच सांगून टाकते, लपवून काय करू? तासभर मोकळा मिळाला होता आणि माझ्या पिशवीत एक फॉर्म होता. दहा वाजता त्यावर व्हर्नाची सही झाली की मी पक्की समुपदेशक होणार होते.

आमच्या राज्यात नुसती पदवी घेऊन भागत नाही. कच्च्या परवान्यावर, दुसऱ्या कुणाच्या तरी देखरेखीखाली, तीन हजार तास काढावे लागतात. मी त्याआधी चौदा वर्षं शाळेची बस चालवली. पन्नास पोरांचा जीव हातात द्यायला सरकारला महिनाभर पुरला होता. इथे एका माणसाशी तासभर बोलायचं तर त्यावर तीन पानं लिहा, सही करा, मग त्यावर व्हर्नाची सही घ्या. "यांना समुपदेशक नको, कारकून हवाय," असं मी पहिल्याच वर्षी तिला ऐकवलं होतं. ती चष्म्यावरून बघत म्हणाली होती, "कारकून तरी नीट हो."

व्हर्ना ट्रेझोना माझी सुपरवायझर. अडुसष्ट वर्षांची, चणीने एवढीशी, आणि जिल्ह्यातले निम्मे समुपदेशक तिच्या हाताखालून गेलेले. दर आठवड्याला तिच्यासमोर बसायचं आणि कुणाला काय विचारलं ते शब्दन्‌शब्द सांगायचं. तिने पहिल्याच दिवशी जे शिकवलं ते हे, की थेट विचारायचं. "जीव द्यावासा वाटतो का?" असं, तोंडावर. विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते शिरत नसतं, असलेलं बाहेर येतं. आणि एकदा विचारून भागत नाही, दर भेटीला विचारायचं.

तर नऊ वाजून दहा मिनिटं झाली. मी काउंटरवर बॉनीला विचारलं, रेनोचा फोन वगैरे?

"अगं, सीझन लागलाय," बॉनी म्हणाली. "अर्धा जिल्हा कॅम्पवर आहे. दाढ ठणकत असली तरी कुणी दवाखान्यात यायचं नाही, आणि तुझ्यापुढे रडायला येणार होय?"

ती म्हणाली ते खरंच होतं. पंधरा नोव्हेंबरला हरणांचा हंगाम उघडतो आणि आमचं गाव ओस पडतं. शाळांना सुट्टी असते. त्या आठवड्यात कुणी लग्न ठरवत नाही, आणि माझी आजी सांगायची की मरणाऱ्याने सुद्धा जरा दम धरावा. पुरुष, आणि हल्ली बायकाही, रानातल्या आपापल्या लाकडी खोलीत जाऊन राहतात. तिथे चूल असते, चार खाटा असतात, दारूची बाटली असते. त्यालाच आम्ही कॅम्प म्हणतो. मी बारा वर्षांची असताना वडिलांनी मला पहिल्यांदा नेलं होतं.

रेनो आला नाही एवढं नोंदवायचं म्हणून मी त्याची फाईल उघडली. वरच मागच्या बुधवारची नोंद होती, माझ्या सहीची. सहज वाचली.

"आत्महत्येचे विचार नाहीत असे सांगितले. घरात हत्यार नाही; बंदूक भावाकडे कुलपात."

वाचून पुढे गेले आणि मग परत मागे आले.

मी बुधवारी त्याला हे विचारलंच नव्हतं.

आमच्या संगणकात एक बटण आहे. ते दाबलं की मागच्या भेटीची नोंद जशीच्या तशी नव्या पानावर येते, मग त्यात बदल करायचा. सगळेच दाबतात. बुधवारी संध्याकाळी माझ्या पाच नोंदी राहिल्या होत्या. मी बटण दाबलं, तारीख बदलली, दोन ओळी बदलल्या आणि सही ठोकली. ती वाक्यं त्याआधीच्या भेटीतली होती.

रेनोची गोष्ट थोडक्यात अशी. वय सहासष्ट, जन्मभर लाकडाचा ट्रक चालवला. मे महिन्यात बायको गेली, इनेझ. ऑगस्टमध्ये एका दुपारी त्याचा भाऊ अर्नी काही मागायला म्हणून गेला, तर रेनो गोठ्यामागच्या शेडमध्ये मांडीवर बंदूक घेऊन बसलेला. अर्नीने काही न बोलता बंदूक काढून घेतली आणि दुसऱ्या दिवशी भावाला आमच्याकडे आणलं. आम्ही तिघांनी बसून कागद केला. बंदूक अर्नीच्या कपाटात, किल्ली अर्नीच्या खिशात. वाईट वाटलं तर आधी कुणाला फोन करायचा, मग कुणाला, सगळं लिहिलं. मग दर बुधवारी मी विचारत गेले आणि रेनो चिडत गेला. "तुझं हेच एक गाणं," म्हणायचा. पण उत्तर द्यायचा. ऑगस्टमध्ये उत्तर "हो" असायचं, सप्टेंबरात "कधी कधी", ऑक्टोबरात "नाही".

आणि बुधवारी? बुधवारी तो दाढी करून आला होता. धुतलेला चौकड्यांचा शर्ट. इतका मोकळा मी त्याला कधीच बघितला नव्हता.

"यंदा कॅम्पला जाणार की नाही?" मीच विचारलं होतं.

"जाणार तर! उद्या अर्नीकडून बंदूक आणतो. पुढच्या वेळी बुधवारऐवजी सोमवारीच येईन, तोवर शिकारीला दोन दिवस बसून होतील."

आणि मी, दोन वर्षं दहा महिने हेच शिकलेली मी, हसले. "मोठं शिंगाळं मिळू दे," म्हणाले. आमच्याकडे हंगामाच्या आधी कुणीही कुणालाही हेच म्हणतं. रेनोच्या तोंडून बंदूक हा शब्द ऐकला आणि मला तो आजार नाही, नोव्हेंबर वाटला.

नऊ वाजून पंचवीस झाले होते. आता जे सांगते त्याची लाज वाटते. माझ्या मनात पहिला विचार रेनोचा आला नाही. पहिला विचार फॉर्मचा आला. न विचारता विचारलं असं लिहिणं म्हणजे खोटी नोंद. खोटी नोंद म्हणजे चौकशी. तीन हजार तास, रात्रीचे वर्ग, चव्वेचाळिसाव्या वर्षी पोरासोरांबरोबर दिलेल्या परीक्षा, सगळं मुसळ केरात. आणि कुणाला कळणार होतं? तो कॅम्पवर चुलीशी पाय शेकत बसला असेल. बॉनीला वाटत होतं तसंच असेल. दहाला सही घ्यावी, आणि मग अकराला शांतपणे फोन करावा.

मी पाच मिनिटं तशी बसले. ती पाच मिनिटं मला कुणी माफ केली तरी मी करणार नाही. मग खुर्चीत बसवेना. मी त्याला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. परत वाजत राहिला. मग मी वेळ न बघता व्हर्नाच्या खोलीत घुसले.

"दहा वाजलेत का?" ती म्हणाली. "बरं, आण तो फॉर्म. तुझं घोडं गंगेत न्हाऊ घालू."

"रेनो साल्मी आला नाही."

"कॅम्पवर असेल."

"बंदूक घेऊन गेलाय. मला बुधवारी म्हणाला होता. मी त्याला विचारलं नाही, व्हर्ना. विचारलं असं लिहिलंय, पण विचारलं नाही."

तिने पेन खाली ठेवलं नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. "बस," म्हणाली. "बुधवारी कसा होता?"

"छान होता. दाढी केलेली. हसत होता."

"कधीपासून छान?"

"एकदम. बुधवारीच."

"झोप?"

"विचारलं नाही."

"जाताना काय म्हणाला?"

"थँक्यू म्हणाला. हात मिळवला. आणि मुरांब्याची बरणी दिली." एरवी आम्ही कुणाकडून काही घेत नाही, पण आमच्याकडे घरच्या मुरांब्याला नाही म्हणणं म्हणजे थोबाडीत मारणं.

"कुणी केलेला मुरांबा?"

रानातल्या बेऱ्यांचा मुरांबा. झाकणावर पेनाने तारीख घातलेली, बायकी अक्षरात. "इनेझची शेवटची," असं तो म्हणाला होता. मी ती शनिवारी पावावर लावून खाल्ली होती.

"माणूस बायकोच्या हातची शेवटची बरणी वाटून टाकतो," व्हर्ना म्हणाली, "तेव्हा तो शिकारीला चाललेला नसतो, डार्ला." आणि तिने फोन ओढला.

अर्नी घरीच होता, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे यंदा त्याचा हंगाम बुडाला होता. व्हर्नाने फोन स्पीकरवर टाकला.

"दिली मी गुरुवारी," अर्नी म्हणाला. "सीझन आहे. हसत हसत मागितली त्याने. नाही कसं म्हणू? धाकट्या भावाने मोठ्याला हंगामात बंदूक नाकारायची?" आणि मग एकदम, "का? काय झालं?"

"अजून काही कळलेलं नाही. कॅम्पवर पोचायला तुम्हाला किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं. बर्फ पडलंय, पंचवीस धरा."

"निघा. हॉर्न वाजवत जा, गुपचूप जाऊ नका. मी शेरीफच्या माणसांनाही पाठवते."

व्हर्ना शेरीफच्या ऑफिसशी बोलत होती आणि मी माझ्या फोनवरून रेनोचा नंबर लावत होते. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. कॅम्पवर फोन नीट लागत नाहीत, खिडकीपाशी धरला तर लागतो. मी स्वतःशी म्हणत होते, खिडकीपाशी ये, खिडकीपाशी ये. मी देवळाबिवळातली नाही, पण त्या वेळी जे काही आठवलं ते सगळं म्हटलं. पाचव्यांदा घाईत चुकून माझ्या नवऱ्यालाच फोन लागला आणि मी तो त्याच्या तोंडावर कापला.

सहाव्यांदा उचलला गेला.

"काय आहे ग?" रेनो म्हणाला. झोपेतून उठल्यासारखा आवाज. "सकाळपासून केकाटतोय हा फोन."

मला रडू फुटलं होतं, ते गिळलं. व्हर्नाला हाताने खूण केली. ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

"आज आपली भेट होती."

"हो का? विसरलो."

"तुम्ही विसरला नव्हतात."

"नाही," तो म्हणाला. "विसरलो नव्हतो."

"रेनो, थेट विचारते. जीव द्यायचा विचार आहे का मनात?"

चुलीत लाकूड तडकलेलं मला ऐकू आलं.

"आहे," तो म्हणाला.

"आज?"

"शनिवारीच करायचं होतं. मग उजाडता उजाडता हरिणी आली, बरोबर पिल्लू. त्यांच्यासमोर कसं... बसलो बघत. काल परत आली ती दोघं. आज नाही आली."

"बंदूक कुठे आहे?"

"टेबलावर."

"आणि तुम्ही?"

"टेबलाशी."

व्हर्नाने समोरच्या कागदावर लिहिलं: बाहेर काढ. पेन कागदातून आरपार गेलं. ते बघून मी जास्तच घाबरले, कारण तोवर मला वाटत होतं निदान ही तरी घाबरलेली नाही.

"तिला हात लावू नका. आहे तिथे राहू दे. तुम्ही फोन घेऊन बाहेर या."

"बाहेर गुडघाभर बर्फ आहे, बाई."

"मग बूट घाला. कोट घाला."

"बसमध्ये पोरांवर अशीच ओरडायचीस का?"

"याच्या दुप्पट. घातलात का कोट?"

"घालतोय. एका हातात फोन आहे."

दार करकरलं. मग वारा ऐकू आला, मग बर्फात पावलं. मी त्याला मोजून वीस पावलं चालायला लावली. तो धापा टाकत होता.

"एक सांगू का?" तो म्हणाला. "रागावू नकोस."

"सांगा."

"तू दर वेळी विचारायचीस. मला चीड यायची. घरून निघतानाच म्हणायचो, आता विचारेल बघ ही. मागच्या बुधवारी विचारलं नाहीस. मी सगळा वेळ वाट बघत होतो. मग ट्रकमध्ये बसलो आणि म्हटलं, चला. हिलाही पटलं."

व्हर्नाने माझ्या गुडघ्यावर हात दाबला, म्हणजे पळून जाऊ नकोस.

"मला पटलेलं नाही," मी म्हणाले. "मी चुकले, रेनो. विचारायला हवं होतं आणि मी विचारलं नाही. तुमच्यात काही कमी होतं म्हणून नाही. मी नीट बघितलं नाही."

"हंगामाचा आठवडा," तो म्हणाला. मलाच समजावत होता बिचारा! "होतं असं."

"नाही, होता कामा नये. तिथेच उभे राहा. अर्नी निघालाय."

"त्याला कशाला सांगितलंस? त्याचा गुडघा..." आणि मग तो रडायला लागला. मोठ्याने, लहान मुलागत. मी नुसती फोनला चिकटून राहिले. मधेच "मी आहे" म्हणत होते. अकरा मिनिटं. मग दुरून हॉर्न ऐकू आला, अखंड, आणि गाडीचं दार, आणि अर्नीच्या शिव्या. इतक्या प्रेमळ शिव्या मी आयुष्यात ऐकलेल्या नाहीत.

त्याला दवाखान्यात नेलं असा शेरीफच्या माणसाचा फोन येईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो. मग व्हर्ना उठली आणि तिने मला संगणकाशी बसवलं.

"आता लिही. जुनी नोंद खोडायची नाही. खाली नवी जोड."

"काय लिहू?"

"झालं ते. न विचारता लिहिलं असं लिही."

मी लिहिलं. सहा ओळींना पाऊण तास लागला. फॉर्म टेबलावर तसाच पडला होता. व्हर्नाने तो उचलला, घडी घातली आणि स्वतःच्या खणात ठेवला. "वर कळवावं लागेल," ती म्हणाली. "कळवणारही मीच. तुझं चुकलं आणि तू सांगितलंस, दोन्ही लिहीन."

वरून उत्तर यायला तीन आठवडे गेले. आणखी सहा महिने देखरेख, प्रत्येक भेट रेकॉर्ड करायची, आणि ते बटण माझ्या संगणकावरून काढून टाकलं. राग आला का? आला. गाडीत स्टिअरिंगवर मुठी आपटल्या. बाकीचे चौघे अजून तेच बटण दाबतात, हे मला माहीत होतं. पण मी घरी जाऊन वाद घातला नाही, आणि नवऱ्याला याचं इतकं नवल वाटलं की त्याने माझा ताप बघितला.

डिसेंबरच्या मध्यावर रेनो परत आला. दहा दिवस दवाखान्यात काढून तो अर्नीकडेच राहत होता. घरातल्या सगळ्या बंदुका अर्नीच्या जावयाकडे, दुसऱ्या गावाला गेल्या होत्या. तो खुर्चीत बसला, टेबलावरच्या रेकॉर्डरकडे बघितलं.

"मिळालं का ग तुझं लायसन्स?"

"नाही."

"माझ्यामुळे?"

"माझ्यामुळे."

तो मान हलवत बसला. तासभर आम्ही इनेझबद्दल बोललो, अर्नीच्या घोरण्याबद्दल बोललो. मला एक गोष्ट विचारायची होती आणि ती मी शेवटापर्यंत लांबवली. पूर्वी मी हा प्रश्न तारीख विचारावी तसा विचारायची. आता त्याचं उत्तर काय येईल याची मला भीती वाटत होती, आणि उत्तर आलं तरी ते खरं मानायचं की नाही याची त्याहून जास्त.

विचारलं. त्याने खिडकीकडे बघितलं.

"आज नाही," म्हणाला. "उद्याचं मला माहीत नाही."

"मग उद्या विचारते. नऊ वाजता फोन करेन."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता फोन लावला. वाजला. परत वाजला. अर्नी कामावर असणार, घरात रेनो एकटा असणार. तिसरी रिंग, चौथी. मी उभी राहिले. किल्ल्या शोधायला लागले. पाचवी रिंग. व्हर्नाच्या दाराकडे बघत होते, हाक मारायला तोंड उघडलं होतं.

"अर्नीच्या सौनामध्ये वाफ घेत होतो, बाई!" रेनो ओरडला. "नागडा उभा आहे इथे, अंगावरून पाणी गळतंय. विचार की लवकर!"

मी विचारलं.